तार कोणासाठी बांधायची?



दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी कर्मशाळेत आला. उद्यमबागेतल्या एका यंत्रशाळेत तो टर्नर आहे आणि सवड मिळेल तसा मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेतो. त्याचा डावा हात गळ्यातल्या पट्टीत अडकवलेला होता. उजव्या हाताने त्याने खिशातून पाच बोल्ट काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "सर, यांच्या डोक्यांना भोकं पाडायची आहेत. एका हातानं जमेना. पोरांना शिकवता शिकवता माझंही काम होऊन जाईल."

हाताला काय झाले, असे आम्ही विचारले. सर्किटवर सरावाचा दिवस होता. त्याच्यापुढे धावणाऱ्या गाडीचा तेलाचा ड्रेन बोल्ट वाटेत सैल होऊन गळून पडला. वळणावर सांडलेले तेल मागून येणाऱ्याला दिसले नाही. चाक निसटले, गाडी आडवी झाली आणि हासळीचे हाड मोडले.

"त्याचा बोल्ट पडला आणि हाड माझं मोडलं," तो म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, "पण राग कुणावर काढू? सरावच आहे म्हणून त्या दिवशी माझ्याही गाडीला तार बांधलेली नव्हती."

आजचा पाठ या दोन वाक्यांवर उभा आहे. शर्यतीच्या गाडीच्या बोल्टांना बारीक छिद्रे पाडून त्यांतून पोलादी तार का ओवतात, ती कशी ओवायची आणि मुळात ती कोणासाठी असते, हे आपण पाहू. इयत्ता नववीच्या मुलामुलींनी हे काम स्वतः केले आहे. त्यात झालेल्या चुकाही आम्ही लपवलेल्या नाहीत.

बोल्ट घट्ट असतो म्हणजे काय?

बोल्ट आवळला की तो आट्यांमुळे अडकून बसतो, असे बहुतेकांना वाटते. खरे तर आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो. ताणलेल्या रबरासारखा तो दोन्ही भागांना एकमेकांवर दाबून धरतो. हा दाब आणि त्यातून निर्माण होणारे घर्षण हाच बोल्टाचा खरा घट्टपणा.

आकडे घेऊन पाहू. एम-8 मापाचा, 8.8 प्रतीचा बोल्ट साधारण 25 न्यूटन-मीटर टॉर्कने आवळला, तर तो सुमारे 16,500 न्यूटन जोराने भाग दाबून धरतो. म्हणजे दीड टनाहून अधिक वजनाचा दाब! डोक्यापासून आट्यांपर्यंतची ताणली जाणारी लांबी 20 मिलीमीटर धरली, तर एवढ्या जोराने बोल्ट किती लांबतो? गणित केल्यास उत्तर येते सुमारे 0.045 मिलीमीटर. आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही हे कमी असू शकते.

आता पुढची पायरी. या बोल्टाचा एक पूर्ण फेरा म्हणजे 1.25 मिलीमीटर सरकणे. मग 0.045 मिलीमीटर सैल व्हायला बोल्ट किती फिरावा लागेल?

0.045 ÷ 1.25 × 360 = सुमारे 13 अंश.

घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात 6 अंश फिरतो. म्हणजे काटा दोन मिनिटांत जेवढा सरकतो, जेमतेम तेवढाच बोल्ट उलटा फिरला की दीड टनाचा दाब संपला. जोडलेले भागही थोडे दबलेले असतात, म्हणून प्रत्यक्षात हा कोन याहून काहीसा मोठा भरेल. तरी पाव फेऱ्याच्या आतच सगळा खेळ आटोपतो. हे गणित फळ्यावर सुटले तेव्हा वर्गात सगळे गप्प झाले होते.

बोल्ट आपोआप उलटा का फिरतो? गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 साली प्रयोगांनिशी दाखवून दिले की, बोल्टाच्या अक्षाला आडव्या दिशेने भाग वारंवार घसरू लागले की आट्यांमधले घर्षण जणू नाहीसे होते आणि बोल्ट आपण होऊन उलटा फिरू लागतो. शर्यतीच्या गाडीचे इंजिन मिनिटाला 12,000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 200 फेरे झाले. वीस मिनिटांच्या शर्यतीत 2,40,000 फेरे. प्रत्येक फेऱ्याला धक्का बसतोच. नीट आवळलेला बोल्ट तो सहन करतो. आवळताना कुठे कसूर राहिली असेल, तर मात्र त्याला सुटायला भरपूर संधी मिळते.

मग तार काय करते?

इथे एक मोठा गैरसमज दूर करू. तार बोल्ट घट्ट करत नाही आणि त्याचा घट्टपणाही फारसा टिकवत नाही. वरचे गणित आठवा. तार कितीही ताणून बांधली तरी तिच्यात थोडी ढील राहतेच. तेवढ्या ढिलाईत बोल्टाने पाच-दहा अंश फेरा घेतला, तर बराचसा दाब गेलेला असेल. म्हणून "तार आहे ना, मग आवळले नाही तरी चालेल" असे म्हणणारा मनुष्य चुकतो. आधी टॉर्क पाना, मग तार.

तार दोन कामे करते. पहिले म्हणजे, सैल झालेल्या बोल्टाला ती निघून पडू देत नाही. बोल्ट सैल झाला तर तेल पाझरेल, थेंब थेंब गळेल, पण धार लागणार नाही. दुसरे काम त्याहून महत्त्वाचे आहे. तार डोळ्यांना दिसते. बोल्ट आवळलेला आहे की नाही हे नुसते पाहून कोणालाच कळत नाही. तार बांधलेली असेल, तर या बोल्टापाशी कोणीतरी बसला होता आणि त्याने शेवटचा हात फिरवला होता, हे तपासनीसाला वाकून पाहताच कळते.

ही पद्धत मोटारसायकलवाल्यांनी विमानांच्या देखभालीतून उचलली. आकाशात बोल्ट गळून पडला तर गाडी बाजूला घेऊन थांबण्याची सोय नसते! आज आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या सुपरबाइक शर्यतींच्या नियमांत तेलाच्या सर्व ड्रेन बोल्टांना तार बांधणे सक्तीचे आहे. तेलाच्या पोकळीत जाणारे स्क्रू व बोल्ट आणि बाहेरून बसवलेला ऑइल फिल्टर यांनाही तोच नियम लागू आहे. इंजिनाखालचे आवरणही असे असावे लागते की, इंजिन फुटल्यास निदान निम्मे तेल व पाणी त्यात साठून राहावे.

हे नियम कोणासाठी आहेत, याचा विचार करा. ज्याच्या गाडीतून तेल गळते तो पुष्कळदा त्या तेलाच्या पुढे निघून गेलेला असतो. पडतात ते मागचे. 2017 च्या मे महिन्यात फ्रान्समधील ल मां येथे मोटो-3 गटाच्या शर्यतीत पडलेल्या एका गाडीचे तेल रस्त्यावर सांडले आणि मागून आलेले डझनाहून अधिक स्वार एकाच वळणावर एकामागून एक घसरले. शर्यत थांबवावी लागली. तिथे दोष बोल्टाचा नव्हता, पण तेल काय करते ते साऱ्या जगाने पाहिले.

छिद्र पाडण्याची कृती

आमच्यापुढे पाच बोल्ट होते: एक ड्रेन बोल्ट, दोन फिल्टरच्या झाकणाचे आणि दोन पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरचे. तिघांचे तीन गट पाडले. छिद्र पाडायचे ते फक्त बोल्टाच्या डोक्यात. आटे असलेल्या दांड्याला कधीही हात लावायचा नाही, कारण सगळा ताण तोच सोसतो.

1. प्रत पाहणे. बोल्टाच्या डोक्यावर 8.8, 10.9 किंवा 12.9 असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितके पोलाद कडक. 8.8 चा अर्थ, तुटण्याची ताकद सुमारे 800 मेगापास्कल आणि कायमचे ताणले जाण्याची मर्यादा तिच्या 80 टक्के, म्हणजे 640. कॅलिपरचे एलन बोल्ट 12.9 प्रतीचे निघाले. त्यांना साधा बिट पुरत नाही, कोबाल्टमिश्रित हवा.

2. जागा ठरवणे. तार 0.8 मिलीमीटर जाडीची, म्हणून छिद्र 1.5 मिलीमीटरचे. षट्कोनी डोक्याच्या एका बाजूच्या मधोमध खूण केली. कोपऱ्यातून तिरपे छिद्र पाडले तर अंतर कमी पडते, पण तिरप्या पृष्ठभागावर बिट घसरतो आणि मोडतो. आम्ही लांबचा पण सरळ मार्ग घेतला: एका बाजूतून थेट समोरच्या बाजूत. एलन बोल्टाचे काम सोपे. एम-8 च्या डोक्याचा व्यास 13 आणि आतल्या खाचेची रुंदी 6 मिलीमीटर, म्हणजे भिंत फक्त साडेतीन मिलीमीटर.

3. पकडणे. व्हाइसच्या जबड्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या घातल्या, म्हणजे आटे चेपत नाहीत. बोल्ट हातात धरून ड्रिलखाली न्यायचा नाही. बिट अडकला की बोल्ट पंख्याच्या पात्यासारखा फिरतो आणि बोटे कापतो.

4. पंच मारणे. सेंटर पंचाने लहानसा खळगा केला. हा खळगा चुकला की पुढचे सगळेच चुकते. एका गटाचा पंच एक मिलीमीटर सरकला होता. तेव्हा त्यांना ती बाजू कानशीने घासून पुन्हा पंच मारायला लावला.

5. वेग. बारीक बिट हळू फिरवावा असे मुलांना वाटले. सूत्र वापरून पाहू: मिनिटाचे फेरे = 1000 × कापण्याचा वेग ÷ (3.14 × बिटाचा व्यास). कडक पोलादासाठी कापण्याचा वेग मिनिटाला 10 मीटर धरला, तर 1.5 मिलीमीटरच्या बिटाला सुमारे 2,100 फेरे येतात आणि 12 मिलीमीटरच्या बिटाला फक्त 265. बारीक बिट वेगाने फिरवायचा, पण त्याच्यावर जोर अगदी हलका द्यायचा.

6. कापणे. अर्धा-एक मिलीमीटर कापले की बिट वर घ्यायचा, भुसा ब्रशने झाडायचा, कटिंग ऑइलचा थेंब टाकायचा आणि पुन्हा खाली. निम्मे छिद्र या बाजूने, निम्मे समोरच्या बाजूने.

7. धार काढणे. छिद्राच्या तोंडाशी उरलेली धार मोठ्या बिटाने हाताने फिरवून मोडली. ती राहिली तर धक्क्यांनी तारच कापली जाते. एलन बोल्टाच्या आतली धार सुईकानशीने काढली, नाहीतर किल्ली पूर्ण बसत नाही. शेवटी डोक्याला तेलाचा हात लावला, कारण छिद्र पाडलेल्या जागी जस्ताचा मुलामा उरत नाही.

चुका किती झाल्या? दोन बिट मोडले. दोन्ही वेळा कारण एकच होते: घाई. भुसा बाहेर न काढता जोर दिला. पहिला तुकडा चिमट्याने निघाला. दुसरा कॅलिपरच्या एका बोल्टात असा रुतला की निघेचना, कारण बिटाहून कडक बिट आमच्याकडे नव्हता. तो बोल्ट फेकून द्यावा लागला. ज्या मुलीच्या हातून हे झाले, तिने आमच्या माजी विद्यार्थ्याची माफी मागितली. तो हसून म्हणाला, "इथं मोडला ते बरं झालं. ब्रेकचा बोल्ट आहे तो. मोडका वापरून बघू, असं तुला वाटलं नाही, ते मला जास्त आवडलं." तसाच नवा बोल्ट पुढच्या शनिवारी आला आणि त्याला छिद्र तिनेच पाडले.

तार ओवण्याची कृती

बोल्ट आधी सांगितलेल्या टॉर्कने आवळायचा. छिद्र सोयीच्या दिशेला यावे म्हणून तो थोडा जास्त आवळणे किंवा थोडा सैल सोडणे, दोन्ही चूक. दिशा जमत नसेल तर समोरच्या जोडीत दुसरे छिद्र पाडावे.

स्टेनलेस पोलादाची तार छिद्रातून ओवून दोन्ही टोके एकत्र घ्यावीत आणि त्यांना पीळ द्यावा. विमानांच्या देखभालीचा दंडक आहे, दर इंचाला 6 ते 8 पीळ. कमी दिले तर तार सैल, जास्त दिले तर ती पिळाने थकून तुटते. पीळ दुसऱ्या बोल्टापर्यंत नेऊन तिथल्या छिद्रातून एक टोक ओवावे, पुन्हा पीळ द्यावा आणि चार-पाच पीळ ठेवून कापावी. कापलेले टोक आत वळवायचे. उघडे टोक सुईसारखे असते. पुढे ती गाडी पुसणाऱ्याच्या बोटात ते शिरते. जवळ दुसरा बोल्ट नसेल तर इंजिनाच्या न हलणाऱ्या भागावरचे छिद्र शोधावे. ज्या फिल्टरला छिद्र पाडताच येत नाही, त्याच्याभोवती पाइपचा क्लॅम्प आवळून तार क्लॅम्पला बांधतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिशा. आपले नेहमीचे बोल्ट उजवीकडे फिरवले की आवळतात. तार अशी जायला हवी की, बोल्ट डावीकडे फिरू लागताच ती ताणली जावी. परीक्षा सोपी आहे: बोट बोल्टावर ठेवा आणि मनात तो सोडवा. तार ताणते का? मग बरोबर. ढिली पडते का? मग सगळी कापून पुन्हा बांधा. आमच्या तीन गटांपैकी एका गटाने पहिल्यांदा उलटी बांधली होती. दिसायला तीच सगळ्यांत देखणी होती! एकदा काढलेली तार पुन्हा वापरायची नाही.

पालकांसाठी आणि विश्वस्तांसाठी

हा पाठ वाचून मुलांनी घरच्या गाडीचे बोल्ट काढून भोके पाडू नयेत. रस्त्यावरच्या गाडीला त्याची गरज नाही. तेल बदलताना ड्रेन बोल्टाखालचा वायसर नवा घालणे आणि बोल्ट योग्य टॉर्कने आवळणे पुरेसे आहे. तेवढे मात्र मेकॅनिककडून अवश्य करून घ्या. वेगाची हौस असलेल्या मोठ्या मुलांनी ती सर्किटवर भागवावी. तिथे तपासनीस असतो, रुग्णवाहिका असते आणि समोरून कोणी येत नाही. कॉलेज रोडवर यातले काहीच नसते.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. या दोन शनिवारी कर्मशाळेत नऊ मुले होती आणि सुरक्षा चष्मे चार. त्यामुळे एका वेळी एकाच गटाला मशीनपाशी उभे करावे लागले आणि बाकीचे रेघेमागे थांबले. तारेचे कापलेले टोक उडते ते थेट डोळ्याच्या उंचीवर. आणखी पाच चष्मे मिळाले तर सगळे एकत्र शिकतील.

"संगणकाच्या काळात ड्रिल मशीन कशाला?" असे मागच्या पालक सभेत विचारले गेले होते. प्रश्न रास्त आहे. त्याला आमचे उत्तर एवढेच: जी चूक झाली की बिट मोडतो, ती मुलाला कोणी सांगावी लागत नाही. आणि इथे मुले असे एक काम शिकली ज्याचा फायदा करणाऱ्याला क्वचितच होतो. आपण बांधलेल्या तारेमुळे जो पडला नाही, त्याला आपण कधी भेटणार नाही आणि आपण पडता पडता वाचलो हे त्यालाही कळणार नाही.

आपला माजी विद्यार्थी जाताना त्या उलट्या बांधलेल्या तारेचा तुकडा सोबत घेऊन गेला. तो हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवणार आहे, असे म्हणाला. हाड जुळेपर्यंत डॉक्टरांनी त्याला गाडीवर बसायला मनाई केली आहे. तोपर्यंत शनिवारी तो कर्मशाळेत येईल आणि आठवीच्या मुलांना टॉर्क पाना शिकवील.

स्वाध्याय

1. एम-10 बोल्टाचा एक फेरा म्हणजे 1.5 मिलीमीटर. आवळल्यावर तो 0.06 मिलीमीटर ताणला गेला. हा ताण नाहीसा व्हायला बोल्ट किती अंश उलटा फिरावा लागेल? जोडलेले भाग दबत नाहीत असे धरा.

2. इंजिन मिनिटाला 9,000 फेरे घेते. पंधरा मिनिटांच्या शर्यतीत एकूण फेरे किती?

3. कापण्याचा वेग मिनिटाला 10 मीटर धरून 2 मिलीमीटरच्या बिटासाठी मिनिटाचे फेरे काढा.

4. घरातली, शाळेतली किंवा रस्त्यावरची अशी एक वस्तू शोधा, जी ती लावणाऱ्यापेक्षा मागून येणाऱ्याच्या भल्यासाठी लावलेली असते. तिच्याबद्दल पाच वाक्ये लिहा.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कर्मशाळेच्या फळ्यावर लावू. चौथ्याची उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. चांगली उत्तरे पुढच्या अंकात छापू.